सभा गेली, किसणी उरली

बोरसावळी, जानेफळजवळ, ता. मेहकर
६ फेब्रुवारी २०२३

चि. दीपमाला,

आशीर्वाद. मला एका किसणीच्या मोबदल्यात विकण्यात आलं आहे. दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच कळवते.

गेल्या महिन्यात सरपंचबाईंनी पंचायतीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं होतं. सरपंचबाई म्हणजे मनकर्णाबाई. म्हणजे सही तिची आणि सरपंचकी तिच्या नवऱ्याची, कारभारीची. आईबापांनी बारशालाच त्याचं पुढचं ओळखलं होतं असं म्हणायचं. मी अशा ठिकाणी जात नाही हे तुला ठाऊक आहे. पण भाजीवाली रुक्मिणीबाई दारात येऊन उभी राहिली. "चाला न टेलिफोनबाई, एकल्या घरात बसून काय अंडे देता?" मला हसू आलं आणि मी गेले. हसू आलं की माणसाचं नुकसान होतं.

तिळगूळ झाला, कुंकू झालं, वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलची किसणी मिळाली. मग कारभारी दारात आला आणि म्हणाला, "लायनीत बसा समद्या, फोटो काढू." मला शिकलेली म्हणून पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध बसवलं. मी कॅमेऱ्याकडे बघून दात काढलेत, हातात किसणी.

परवा नळपट्टी भरायला गेले तर तोच फोटो भिंतीवर. खाली टाइप केलेलं: 'महिला ग्रामसभा. विषय: आठवडी बाजाराचे ओटे पाडून त्या जागी व्यापारी गाळे बांधणे. सर्वानुमते मंजूर.'

ग्रामसेवक हरिओम तिथेच बसला होता. मी विचारलं, "ही सभा कधी झाली?"

"मॅडम, फोटोत तं तुमीच हाये."

"मी हळदीकुंकवाला आले होते."

"थे एकच हाय न जी. गावाच्या सभेच्या आधी बायकाईची सभा घ्याच लागते, असा नियम हाय. बायका काही येत नाही. हळदीकुंकवाले येतात, तं त्यातच धरून घेतो. दरसालचंच हाय हे."

धरून घेतो. कोंबड्या धरतात तसं. आणि दरसाल. म्हणजे गेली कित्येक वर्षं या गावातल्या बायकांनी आरसे, कंगवे आणि साबणाच्या डब्या घेऊन काय काय मंजूर केलं असेल, देव जाणे.

तू लहानपणी त्या ओट्यांवर उड्या मारल्या आहेस. लिंबाखाली दर रविवारी कोण बसतं ते तुला सांगायला नको. पहाटे मळ्यातून वांगी तोडून डोक्यावर आणणाऱ्या बायका. गाळे झाले की लिलाव होईल, ज्याच्या खिशात आहे तो घेईल, आणि या बायका नालीच्या कडेला बसतील. रुक्मिणीबाईच्या सासूपासून तिची तिथे जागा आहे. तिला मी सांगितलं तर म्हणाली, "मी बी होतो का फोटोत?" होती. माझ्याच मागे.

१ मेच्या ग्रामसभेत हे पक्कं व्हायचं आहे. त्याआधी बायकांची सभा पुन्हा दाखवावी लागेल. ती मी खरी भरवणार आहे.

फोन करू नकोस. चिखलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी काढली. फोनवर खरं बोलणारी माणसं मला फारशी आढळली नाहीत. कागदावर लिही.

तुझी,
पुष्पांजली आत्या


आर्हुस, डेन्मार्क
२७ फेब्रुवारी २०२३

ती. आत्यास,

सा. नमस्कार. तुझं पत्र ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. 'कोंबड्या धरतात तसं' वाचून हसले, मग उगीच मान खाली घालून बसले. इथे बसमध्ये कोणी हसत नाही.

तुला एक सांगायचं आहे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मी डॅनिश शिकायला जाते. आमच्या बाई निवृत्त आहेत, तुझ्यासारख्याच कडक. मागच्या आठवड्यात त्यांनी एकच शब्द घेऊन सगळा तास काढला. 'टिंग'. डॅनिशमध्ये टिंग म्हणजे वस्तू. चमचा टिंग, खुर्ची टिंग. पण यांच्या संसदेचं नाव 'फोल्केटिंग'. मी विचारलं, संसदेला लोकांची वस्तू का म्हणता? तर बाई म्हणाल्या, उलटं आहे. आधी सभा होती, वस्तू नंतर आली.

इंग्रजीतलं 'थिंग', जर्मन 'डिंग', आइसलँडमधलं 'थिंग' ही सगळी एकाच घरातली भावंडं. फार जुन्या काळी थिंग म्हणजे ठरल्या वेळी उघड्यावर भरणारी लोकांची सभा. काही जाणकारांच्या मते त्या शब्दाचं मूळच 'ठरलेली वेळ' असं आहे. पुढे त्या सभेत जो तंटा मांडला जाई त्याला थिंग म्हणायला लागले. मग कुठल्याही प्रकरणाला. मग कशालाही. आइसलँडच्या आणि नॉर्वेच्या संसदेच्या नावात जुना अर्थ अजून आहे. जर्मनांचा मंगळवारसुद्धा सभेच्या नावाचा आहे म्हणे. इंग्रजीत मात्र सभा पुसली गेली, नुसती वस्तू राहिली.

तुझ्या किसणीचं वाचताना मला हेच आठवत होतं.

बाकी ठीक. इथे पवनचक्क्यांची पाती तपासण्याचं काम वाढलं आहे. बाबांना गुडघ्याचं औषध वेळेवर घ्यायला सांग. अविनाशला नोकरीबद्दल सारखं विचारू नकोस गं, त्याचं काहीतरी चाललं आहे.

तुझी,
दीपमाला


बोरसावळी
१८ मार्च २०२३

चि. दीपमाला,

आशीर्वाद. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला निबंधात 'थिंग' लिहायची बंदी होती. सिस्टर लाल पेन्सिलने तो शब्द खोडायच्या आणि म्हणायच्या, आळशी मुलीचा शब्द आहे, जिला नेमकं नाव माहीत नाही ती 'थिंग' लिहिते. त्या शब्दासाठी मी दोनदा वर्गाबाहेर उभी राहिले आहे. आता तू कळवतेस की त्याच्या पोटात अख्खी संसद होती. सिस्टर हयात असत्या तर तुझं पत्र त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं असतं.

पण तुम्हा लोकांचं कौतुकही मला पुरे झालं. हे सगळं उत्तरेकडच्या बर्फातच घडलं असं तुला वाटतं ना? मी घरातला जुना शब्दकोश काढला. गोष्ठ म्हणजे गाईंची बसायची जागा. तिथे माणसं जमायची, म्हणून गोष्ठी म्हणजे जमाव, बैठक, बोलणं. आणि त्यातून आपली गोष्ट. 'एक गोष्ट सांगते', 'ही गोष्ट बरी नाही', 'बाजारातून चार गोष्टी आण'. तुमच्या थिंगने जो रस्ता कापला तोच आपल्या शब्दाने गुराढोरांतून चालत कापला आहे, कोणाला विचारायला न जाता. म्हणजे ही खोड जुनी आहे आणि कोणा एका मुलखाची नाही. माणसं जमतात, बोलतात, मग माणसं उठून जातात आणि मागे वस्तू राहते. आमच्या गावात तर सभा गेली, किसणी उरली.

आता माझी फजिती ऐक. मी मनकर्णाबाईकडे गेले. म्हटलं, तुम्ही सरपंच आहात, खरी सभा बोलवा. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. "त्याईले विचारा," म्हणाली. मी म्हटलं, "सरपंच तुम्ही की ते?" तर म्हणते, "भाकर खाता का?" मी खाल्ली नाही.

मग मीच घरोघर फिरले. शुक्रवारी दुपारी पंचायतीच्या हॉलमध्ये बायका गोळा केल्या. तालमीपुरत्या, म्हटलं आधी बोलायची सवय होऊ दे. पंचवीस आल्या. मी नियम समजावून सांगितले, तुमचा हक्क आहे, कोणी अडवू शकत नाही, वगैरे. माना डोलत होत्या. रुक्मिणीबाई पुढे बसली होती. मी म्हटलं, "बोल." तिने तोंड उघडलं, आणि कारभारी आत आला. "चालू द्या, चालू द्या, मी फक्त पाहून राह्यलो."

दीपमाला, त्या पंचवीस बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. पदर खाली, तोंडं भिंतीकडे. जणू शाळा तपासायला साहेब आला. तो जाईपर्यंत एकीच्याही तोंडून शब्द नाही. तो बाहेर जाताना मला म्हणतो, "पुष्पाबाई, कायले तरास देता बायकाईले? त्याईचं मत मले मालूम हाय."

मी घरी आले आणि जेवले नाही. कारभारीचा राग आला होताच, पण त्याहून जास्त या बायकांचा आला. हक्क ताटात वाढून दिला तरी हात पुढे येत नसेल तर त्यांच्या ओट्यांवर गाळेच झालेले बरे, असंही मनात आलं. ते तुलाच लिहिते.

पुष्पांजली आत्या


आर्हुस
२ एप्रिल २०२३

ती. आत्यास,

सा. नमस्कार. तू रागावशील, पण लिहिते. तू बोरसावळीची लेक आहेस. मीही. तुला गावात पदर घ्यावा लागत नाही, कारभारीकाका तुझ्यासाठी भाऊच. त्या पंचवीस जणी सुना आहेत. गावच्या नात्याने कारभारीकाका त्यांतल्या अर्ध्याजणींचे भासरे लागतात, उरलेल्यांचे सासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर आवाज काढायचा नाही, हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलंय. तू त्यांना कायदा सांगितलास, त्यांना नातं आडवं आलं. आई एवढी बोलकी, पण मोठे काका ओसरीवर आले की बोलता बोलता मध्येच थांबायची, आठवतं?

रविवारी आमच्या वर्गाने जवळचं एक खेडं पाहिलं. गावाच्या मधोमध दगड गोल मांडलेले आहेत. पूर्वी शेतकरी तिथे जमून गावचे निर्णय घ्यायचे, आणि प्रत्येक शेताचा आपला ठरलेला दगड असे. मी विचारलं, बायकांचा दगड कोणता? बाई म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, आणि पुढच्या दगडाकडे गेल्या. तेव्हा यांचं फार कौतुक मीही करत नाही.

एक विचार मनात आला. सगळंच अडवून धरण्यापेक्षा दोन-तीन ओटे ठेवायचे आणि बाकी जागेवर गाळे, असं नाही का होणार? गावात दुकानं झाली तर पोरांनाही काही करता येईल. कारभारीकाकांशी इतकं वाकडं घेऊ नकोस. शेवटी आपल्या घरच्यांना तिथेच राहायचं आहे.

तब्येत सांभाळ.

तुझी,
दीपमाला


बोरसावळी
१७ एप्रिल २०२३

दीपमाला,

तुझं पत्र पंधरवड्यानंतर आलं आणि मी ते दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला वाटलं, पोरगी शहाणी झाली. लेक आणि सुनेचं तू म्हणालीस ते खरं आहे. मला ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं आणि ते तुझ्याकडून कळावं याचा रागही आला. 'दोन-तीन ओटे ठेवावेत' हेसुद्धा मला समजूतदारपणाचं वाटलं होतं.

मग काल रविवार होता. मी बाजारात गेले.

रुक्मिणीबाई ओट्यावर बसली होती, पुढे वांगी, भेंडी, कोथिंबिरीच्या, म्हणजे आपल्या सांभाराच्या जुड्या. कारभारी आला आणि भेंडीची टोकं मोडून बघायला लागला. तीच रुक्मिणीबाई, जी त्या शुक्रवारी हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती, ती काय म्हणते? "घ्याची नसंन तं मोडू नका. मोडली थे तुमच्याच झोऱ्यात टाकतो मी." आणि टाकली. तो निमूट पैसे देऊन गेला. पदर होता डोक्यावर, पण तोंड मोकळं.

मी म्हटलं, "त्या दिवशी कुठे गेली होती ही जीभ?"

"थो पंचायतीतला होता न बाई. भासरा. हा गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकाले लाजलं तं पोट कसं भरन?"

मी तिथेच उभी राहिले; बायकांची खरी सभा दर रविवारी इथेच भरते, हे मला तेव्हा कळलं. हे मी तुला सविस्तर सांगणार होते, खूश होऊन सांगणार होते. पण तेवढ्यात ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मोजपट्टी दिसली. एक टोक कारभारीच्या पोराच्या हातात. दुसरं टोक तुझ्या भावाच्या. अविनाश रुक्मिणीबाईच्या टोपलीवरून पाय टाकून गेला आणि त्याने तिच्या पाठीमागच्या भिंतीवर खडूने रेघ मारली.

रुक्मिणीबाई म्हणाली, "तुमालेच मालूम नाही का? कोपऱ्यावरचा गाळा त्याले धरून ठेवला हाय. बहिणीनं तिकडून पैसे धाडले म्हणे."

मी अविनाशला विचारलं. तो म्हणाला, "ताईनं सांगितलं होतं आत्याले इतक्यात सांगू नको म्हणून."

तर हे तुझं 'काहीतरी चाललं आहे'. हे तुझे दोन-तीन ओटे. जुन्या सभांचे दगड बघून येतेस, तो शब्द कुठून कुठे गेला ते मला कळवतेस, आणि इथे त्या सभेच्या जागेवर आपल्या भावाची रेघ ओढवून घेतेस. कारभारी निदान सरळ लबाड आहे. त्याने मला किसणी दिली. तू मला शब्दाची व्युत्पत्ती दिलीस.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

पुष्पांजली


आर्हुस
२८ एप्रिल २०२३

ती. आत्यास,

सा. नमस्कार. पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून अविनाशच्या मेलवर पाठवते आहे. तो छापून आणून देईल. त्याने वाचलं तरी चालेल. वाचावंच.

पैसे मी पाठवले. जानेवारीतच, तुझं पहिलं पत्र यायच्या आधी. तेव्हा मला गाळे एवढंच माहीत होतं, ओटे पाडून हे माहीत नव्हतं. तुझ्या पत्रातून कळलं, आणि तरी मी तुला सांगितलं नाही. त्याला काही सबब नाही.

पण कारण आहे. अविनाश बत्तीस वर्षांचा झाला. तीन ठिकाणची माणसं येऊन चहा पिऊन गेली. सगळ्यांचा एकच प्रश्न, पोरगा काय करतो? घरी शेती आहे म्हटलं की कप खाली. आता तर कोणी चहालाही येत नाही. तो मला फोनवर म्हणतो, ताई, दुकानाची पाटी लागली तरी पुरे, दुकान चाललं नाही तरी चालेल. तू त्याला रोज बघतेस, पण रागावून बघतेस. मी इतक्या लांबून काय करणार होते? जे करता आलं ते केलं. कोणाच्या टोपलीवरून पाय टाकून, हे मला दिसत नव्हतं. किंवा मी बघितलं नाही.

बायकांची सभा रविवारी आहे असं अविनाशकडून कळलं. मी त्याला सांगितलं आहे की तिथे जे ठरेल ते आपलं. गाळे झाले नाहीत तर नाहीत. तो माझ्यावर चिडला आहे. तूही चिडलेली आहेस. इथे मला चिडायला कोणी नाही.

सभेचं कळव. मला कळवायचं नसेल तर निदान बाबांना सांग, ते मला सांगतील.

तुझी,
दीपमाला


बोरसावळी
२ मे २०२३

चि. दीपमाला,

आशीर्वाद. तुझं पत्र आरोपीच्याच हातून मिळालं. देताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, "वाचलंस?" म्हणाला, "हो." म्हटलं, "जेवलास?" म्हणाला, "नाही." मी त्याला वाढलं. राग गेला म्हणून नाही. उपाशी माणसावर रागावता येत नाही म्हणून.

आता सभेचं. मी हरिओमला लेखी दिलं की महिला सभा रविवारी, ३० तारखेला, बाजारात ओट्यांवर घ्यावी. मला वाटलं कारभारी नाही म्हणेल. तो खूश झाला. "घ्या न बाजारात. बायका आयत्याच बसून राहतात. गर्दीचा फोटो बी चांगला येईन." त्याला वाटलं, तराजू सोडून कोण कशाला सभेकडे बघतंय. मनकर्णाबाईची सही त्याने स्वतः आणून दिली.

आभाळ भरलं होतं, गार वारा सुटला होता. अकराच्या सुमारास हरिओम खुर्ची घेऊन आला. मनकर्णाबाई हातात भाजीची पिशवी घेऊन आली आणि खुर्चीशेजारी उभीच राहिली. कारभारी फोटोवाल्याला घेऊन समोर. हरिओमने विषय वाचला, आणि सगळे पदर पुन्हा एकेक करून खाली आले. मी ओरडणार होते. बोलणं मला येतं हा माझा मोठा दोष आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मी मुकाट बसून राहिले. आयुष्यात इतके कष्ट मी कधी केले नाहीत.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "वांगे कसे देल्ले?"

रुक्मिणीबाईने भाव सांगितला. कारभारी म्हणाला, "सभा चालू हाय. धंदा बंद ठेवा घडीभर."

ती म्हणाली, "घडीभर काऊन? कायमचाच बंद ठेवाची सभा हाय न हे."

कोणीतरी हसलं. मग दुसरी बोलली, मेथीवाली, "गाळ्यात आमाले बसू द्यान का फुकट?" तिसरी म्हणाली, "नालीपाशी बसू आमी? थ्या पाण्यात सांभार धुवाचा का?" एकदा सुरू झालं आणि मग भाव करताना असतो तसला कालवा. पदर होते डोक्यावर. सगळ्या कारभारीकडेच बघून बोलत होत्या, आणि तो उत्तरं देत होता, कारण उत्तर नाही दिलं तर बाजारात माणूस खोटा ठरतो. "बांधकाम मंजूर होऊन राह्यलं," म्हणाला. "कोणी केलं मंजूर?" "तुमीच केलं." "आमी किसणी घेतली. किसणीवर लिवलं होतं का?"

तो घामाघूम झाला. हरिओमला म्हणाला, "लिवा, चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर." हरिओम पेन घेऊन थांबला आणि सरपंचाकडे बघू लागला. नियमाने अध्यक्ष तीच ना.

मनकर्णाबाई अजून उभी होती. रुक्मिणीबाईने आपल्या बारदानावर हात फिरवून सरकून जागा केली. "बस न बाई, पाय दुखतीन." मनकर्णाबाई खुर्ची सोडून खाली तिच्याशेजारी बसली. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. वांग्यांकडे बघून म्हणाली, "ज्याईले भाजी घ्याची नसंन त्याईनं तिकडं उभं राहावं. बायकाईची सभा हाय." मग हरिओमला, "ओटे राहू द्या ज्याईले वाटते त्याईनं हात वर करा म्हना." सगळे हात वर. कोणाच्या हातात जुडी, कोणाच्या हातात वजन. फोटोवाल्याने फोटो काढला. त्याला कोणी थांबवलं नाही.

आनंदाने नाचू नकोस. काल १ मेची मोठी सभा झाली. हरिओमने दोन्ही ठराव वाचले, किसणीचा आणि परवाचा. पुरुषमंडळी तासभर भांडली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. म्हणजे ओटे पडले नाहीत, वाचलेही नाहीत. कारभारी हार मानणाऱ्यातला नाही. मनकर्णाबाईच्या घरी काय झालं असेल, त्याची मला काळजी आहे. आज सकाळी मी तिच्याकडे गेले. तिच्या डोळ्यांखाली सूज होती. रडून की आणखी कशाने, ते मी विचारलं आणि तिने सांगितलं नाही. पण बायकांच्या पुढच्या सभेच्या नोटिशीवर सही करीन म्हणाली. मी तिथे बसून भाकरी खाल्ली.

तुझ्यावरचा माझा राग अजून आहे. इतक्यात जाणार नाही, आणि जावा अशी घाईही तू करू नकोस. तू पैसे पाठवलेस त्याचा नाही. पोराचं लग्न जमत नाही हे मलाही कळतं. तू मला दोन महिने मोठ्या अकलेची पत्रं लिहीत राहिलीस आणि मी ती शेजाऱ्यांना वाचून दाखवत राहिले, त्याचा आहे.

अविनाश काल रात्री येऊन बसला होता. मग म्हणाला, "आत्या, आपल्या मळ्यात गवार लावली तं?" मी म्हटलं, लाव. म्हणाला, "मुलीकडचे काय म्हणतीन? ओट्यावर बसते म्हनतीन." मी म्हटलं, "बसतोच म्हणावं. ज्या घरची पोरगी ते ऐकून उठून जाईल, तिथली पोरगी आपल्याला परवडायची नाही." तो हसला नाही. पण उठूनही गेला नाही. रुक्मिणीबाईच्या पलीकडे लिंबाच्या बाजूला एका टोपलीपुरती जागा रिकामी असते, असं मी त्याला सांगितलं आहे. मात्र ती जागा मी देऊ शकत नाही, तू विकत घेऊ शकत नाहीस आणि कारभारी धरून ठेवू शकत नाही. येत्या रविवारी त्याने स्वतः जाऊन तिला विचारायचं आहे. ती नाही म्हणू शकते.

पुष्पांजली आत्या